तळ्यांच्या मुलखात गळ टाकायला जायचंय? आधी तळं कोणाचं ते विचारा

ज्यांना पाऊण तास ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचं नेटवर्क बोगद्यात जातं, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित भाग. बोलताना मी जितका भरकटलो तितका इथे भरकटणार नाही. प्रयत्न करतो.

गेल्या काही महिन्यांत मला दोनच प्रश्न सारखे येतायत. पहिला: "दादा, भंडारा-गोंदियाकडे फिशिंगला जायचंय, तलावाचं लोकेशन टाक ना." दुसरा: "तो मोठ्या मरळीचा फोटो टाकला होतास, तो डिलीट का केलास?" दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, म्हणून हा एपिसोड केला.

आधी मुलूख समजून घेऊ. नागपूरच्या पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा, म्हणजे आपली झाडीपट्टी. इथे भात पिकतो आणि भाताला पाणी लागतं, म्हणून गावोगावी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी यातले बरेचसे बांधले, पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले, म्हणून सरकारी कागदावर आजही त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. लहान-मोठे धरून सहा-सात हजारांच्या घरात. लहान असेल तर ती बोडी, मोठा असेल तर तलाव. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं तिकडे सांगतात. मारुती चितमपल्ली याच नवेगावला वनाधिकारी होते, त्यांची पुस्तकं वाचली असतील तर हा मुलूख तुम्हाला आधीच थोडा ओळखीचा असेल.

माझं आजोळ साकोलीच्या बाजूला. लहानपणी मामासोबत बोडीवर गांडूळ लावून बसायचो. मग नागपूरला बीटेक, मग पुण्यात नोकरी, आणि मासे फक्त ताटात. तीनेक वर्षांपूर्वी यूट्यूबवर रबरी बेडकाने मरळ पकडायचे व्हिडिओ बघून पुन्हा किडा वळवळला. रॉड घेतला, रील घेतलं, ऑफिसातले दोन मित्र तयार झाले. आणि इंजिनिअर माणूस जे करतो तेच मी केलं: तलाव बघायच्या आधी डेटा बघितला.

त्यातलं जे उपयोगी आहे ते सांगून टाकतो. सेंटिनेल-२ नावाचे युरोपियन उपग्रह आहेत. त्यांची चित्रं फुकट मिळतात, ब्राउझरमध्ये उघडतात, साधारण दर पाच दिवसांनी नवीन चित्र येतं. एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन. एक एकराची बोडी घेतली तर चाळीस पिक्सेल होतात, म्हणजे ती आकारासकट दिसते. पाणी इन्फ्रारेड प्रकाश गिळून टाकतं आणि हिरवं पान तोच प्रकाश जोरात परत पाठवतं, त्यामुळे दोन रंगांची वजाबाकी-भागाकार केला की पाणी कुठे आणि झाडोरा कुठे हे वेगळं काढता येतं. गूगल मॅपवरचं चित्र कधीचं असेल याचा भरवसा नसतो. मेमध्ये कोरडा पडणारा तलाव तिथे छान निळा दिसतो आणि तुम्ही दीडशे किलोमीटर गाडी हाणत जाता. ऑक्टोबर, जानेवारी आणि मे अशी तीन चित्रं शेजारी ठेवली की कोणता तलाव पाणी धरतो ते कळतं. पावसाळ्यात मात्र ढग आडवे येतात.

मी असे अकरा तलाव काढले. स्प्रेडशीट केली. पाण्याचं क्षेत्र, काठावरचा हिरवा पट्टा, डांबरी रस्त्यापासूनचं अंतर. हिरवा पट्टा जास्त म्हणजे मरळीला लपायला जागा जास्त, असं माझं लॉजिक. क्रमवारी लावली आणि पहिल्या नंबरचा तलाव निवडला. त्या शीटमध्ये एक कॉलम नव्हता, तलाव कोणाचा. तो मला सुचलाच नाही. पाणी दिसतंय, काठ मोकळा आहे, मग जायचं, इतकंच डोक्यात.

जुलैचा तिसरा आठवडा होता. हिरवा पट्टा जवळून पाहिला तर त्यातला निम्मा बेशरम निघाला. उपग्रहाला कमळ, शिंगाडा आणि बेशरम सगळं सारखंच हिरवं. दुसऱ्या बाजूला मात्र पाणवनस्पती चांगल्या होत्या आणि तिथे पाण्यावर लालसर-केशरी असा एक ढग सरकताना दिसला. परातीएवढा. मध्येच त्यावर पाऊस पडल्यासारखे बुडबुडे यायचे. व्हिडिओ बघणाऱ्यांना कळलंच असेल. मरळीच्या पिल्लांचा थवा. व्हिडिओत शिकवतात की याच्या पलीकडे बेडूक टाका आणि थव्यातून ओढत आणा, मोठी मरळ हमखास लागते. तसंच केलं. दुसऱ्याच कास्टला पाणी फुटलं आणि रॉड वाकला. अर्ध्या तासाने तिथेच दुसरी लागली. दोन्ही मोठ्या. फोटो काढला, टाकला, लाइक आले.

पाळीवर एक म्हातारे आजोबा केव्हापासून बसले होते. ढिवर समाजाचे, तलावावर राखणीला असायचे. ते ओरडले नाहीत. जवळ आले, मासे बघितले आणि म्हणाले, "बाबू, लाल पिलं पायलास का?" मी उत्साहाने हो म्हटलं. म्हणालो, त्यामुळेच तर सापडली. ते म्हणाले, "त्याहीचे मायबाप होते हे. आता त्याहीले कोन राखन?" आणि पाण्याकडे बोट दाखवलं.

आम्ही तिथे बसून बघत राहिलो. थव्याच्या कडेने पाणी हलायला लागलं. छोटे मासे, मोठे मासे, एक पाणकावळा. तो केशरी ढग तुटत गेला, संध्याकाळपर्यंत दिसेनासा झाला. आमचा एक मित्र जेवताना मासा घेईना.

आता यामागचं विज्ञान, कारण हे कळलं की व्हिडिओतली ती ट्रिक पुन्हा करावीशी वाटत नाही. मरळ पावसाळ्यात काठाच्या गवतात जागा साफ करून अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. नर आणि मादी दोघंही राखण करतात, आधी अंड्यांची, मग पिल्लांची, कित्येक आठवडे. पिल्लं थव्याने राहतात आणि थव्यानेच हवा घ्यायला वर येतात, ते बुडबुडे म्हणजे तेच. मरळीला हवेतून श्वास घेता येतो, नव्हे घ्यावाच लागतो. थव्यातून जाणाऱ्या रबरी बेडकावर ती भुकेने झडप घालत नाही. तो पिल्लं खायला आलाय असं समजून घालते. म्हणजे आपण शिकारी म्हणून हुशार नसतो, ती फक्त आई-बाप म्हणून हजर असते.

आणि यात पैशाचाही भाग आहे, जो मला रात्री मामाने सांगितला. "संस्थेले विचारलं होतं का?" एवढंच त्याने विचारलं आणि मी गप्प. इकडचे बहुतेक तलाव मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. संस्थेचे सभासद म्हणजे गावातले ढिवर. ठेक्याची रक्कम भरायची, दर पावसाळ्यात मत्स्यबीज विकत आणून सोडायचं, राखण करायची, आणि उन्हाळ्याकडे पाणी उतरत गेलं की मासे काढायचे. वर्षाची कमाई त्या चार महिन्यांत.

बीज विकत का आणावं लागतं? कारण रोहू, कटला, मृगळ हे मूळ नदीचे मासे. पुराच्या वाहत्या पाण्याशिवाय ते अंडी घालत नाहीत, साठलेल्या तलावात वाढतात पण वंश वाढवत नाहीत. त्यांना हार्मोनचं इंजेक्शन देऊन हॅचरीत अंडी घालायला लावायचं तंत्र आपल्याकडे १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुल इथे जमलं. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही ही ती माणसं, आणि म्हणूनच १० जुलै हा देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस असतो. तेव्हापासून बीज हॅचरीतून येतं. जिऱ्याएवढं असतं ते मत्स्यजिरे, बोटाएवढं झालं की बोटुकली. बोटुकली जितकी मोठी तितकी महाग आणि तितकी जगण्याची शक्यता जास्त.

मरळीचं गणित उलटं आहे. तिचं बीज संस्था सहसा विकत आणत नाही, ते तलावच देतो. बाजारात मरळ रोहूपेक्षा बरीच महाग जाते. म्हणजे ज्या माशाला खर्च नाही आणि भाव जास्त, त्याची एक अख्खी वीण मी तासाभरात संपवली होती, तेही परवानगी न घेता. मामाच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या वावरातला पेरा उपटून फोटो काढला. तो फोटो त्या रात्री काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामासोबत संस्थेच्या सचिवांकडे गेलो. मला वाटलं होतं दंड होईल. त्यांनी चहा दिला आणि दोन मरळींचे बाजारभावाने पैसे घेतले. पावतीही दिली. वर म्हणाले, "पोरं येतेत गाड्या घेऊन, रात्री येतेत, करंट लावतेत. तुम्ही निदान घरी तरी आले." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. त्यांच्यासाठी मी आणि करंट लावणारे एकाच यादीत होतो, फक्त खालच्या नंबरवर.

तर प्लॅन करताना पहिली पायरी ही: तलाव मासेमारीसाठी कोणाकडे आहे. हे मॅपवर नसतं, गावात असतं. ग्रामपंचायतीत विचारा, नाहीतर पाळीजवळच्या चहाच्या टपरीवर विचारा, तिथे जास्त लवकर कळतं. संस्थेच्या अध्यक्षांचा किंवा सचिवांचा नंबर मिळेल. आठवडाभर आधी फोन करा. किती जण, किती दिवस, गळानेच पकडणार की अजून काही, मासे नेणार की सोडणार, हे स्पष्ट सांगा. काही जण सरळ नाही म्हणतात, विशेषतः नुकतंच बीज सोडलेलं असेल तर. ते नाही म्हणजे नाही. वाद घालू नका, बोड्या कमी नाहीत. मोठं धरण असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारायचं. आणि अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान असेल तर रॉड गाडीतून बाहेर काढायचाच नाही. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे दुर्बीण न्या.

एक गंमत सांगतो. परवानगी असली तरी तलावाचा प्रत्येक कोपरा तुमचा नसतो. पाण्यावर चौकटीने पसरलेली त्रिकोणी पानं दिसली तर तो शिंगाडा, कुणीतरी लावलेलं पीक. माझ्या मित्राने "मस्त कव्हर आहे" म्हणून त्यात लुअर टाकला आणि अर्धा वेल ओढून आणला. त्याचे पैसे वेगळे भरले.

आता कधी जायचं. मी जून ते सप्टेंबर जात नाही. मरळीचं सांगितलंच. शिवाय पहिल्या पावसात सांडव्यावरून, नाल्यातून छोटे देशी मासे वरच्या अंगाला, भाताच्या बांध्यांपर्यंत चढतात अंडी घालायला. इथले तलाव एकाखाली एक असे साखळीने बांधलेले असतात, वरचा भरला की खालच्यात उतरतो, त्यामुळे माशांना हा रस्ता मिळतो. चढणीचा मासा पकडणं सगळ्यात सोपं आणि तलावाला सगळ्यात महाग. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर चांगला. भाताला पाणी सोडून झालेलं असतं, तलाव थोडा उतरलेला, काठ चालता येण्यासारखा. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार, मासा सुस्त, हातमोजे घालून बसायची हौस असेल तर बसा. पुन्हा फेब्रुवारी-मार्च छान. त्यानंतर संस्थेची जाळी पडतात, तेव्हा आपण मध्ये कडमडू नये.

दिवसात सकाळ चांगली, हे सगळेच सांगतात. पण एक खूण ओळखायला शिका. पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री स्वतःच वापरतात, म्हणून दाट झाडोऱ्याच्या उथळ तलावात पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. अशा वेळी कटला, रोहू तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात. नवख्याला वाटतं काय मासा आहे! खरं तर तलावाला धाप लागलेली असते. तेव्हा गळ टाकू नका, राखणदाराला जाऊन सांगा, त्याला ते कळायला हवं असतं. मरळीला अर्थात फरक पडत नाही, ती वरची हवा घेते.

कोणता मासा कुठे, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडच वरच्या बाजूला वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी चिखलात. संस्था हे तिन्ही एकत्र का सोडते त्याचं कारणही हेच, एकाच तलावात तीन मजले भाड्याने दिल्यासारखं. म्हणून कणकेचा आणि शेंगदाणा पेंडीचा गोळा तळाला बसला तर मृगळ, बुच लावून मध्ये लोंबकळत ठेवला तर रोहू. शिंगी आणि मागूर तळाशी, गांडुळावर. शिंगीला हात लावताना सावध राहा, तिच्या कल्ल्यामागच्या काट्याने हात संध्याकाळपर्यंत ठणकतो. अनुभव आहे.

मागूर लागला आणि तो भलताच मोठा, डागाडागांचा असेल तर राखणदाराला दाखवा. तो थाई मागूर असू शकतो. पाळायला देशात बंदी आहे, तरी पाण्यात सापडतो आणि समोर येईल ते खातो. तो आणि तिलापिया परत सोडायचे नाहीत, असं आमच्या सचिवांचं म्हणणं. हे दोन मासे मी नेतो तेव्हा कुणी हटकत नाही.

सामानावर मी मुद्दाम थोडंच बोलणार आहे, कारण त्यावर व्हिडिओ ढिगाने आहेत आणि सगळे काहीतरी विकतायत. सहा-सात फुटांचा स्पिनिंग रॉड, मध्यम रील, मरळीसाठी वेणीची मजबूत दोरी, बाकीसाठी साधा तंगूस. दोन रबरी बेडूक पुरे. माझ्याकडे चौदा आहेत, बारा पेटीतच असतात. एक गोष्ट मात्र कराच: गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा थोडे जास्त वेळा सुटतो, पण सोडायचा असेल तर न फाडता सोडता येतो, आणि तुमच्या स्वतःच्या बोटात गेला तर डॉक्टरकडे न जाता निघतो. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, तापलेल्या पाळीवर ठेवून फोटो काढू नका. अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं आजारापासूनचं कवच असतं.

तुटलेला तंगूस खिशात घालून परत आणायचा. गोंदिया-भंडारा हा राज्यातला सारस क्रौंचांचा शेवटचा मोठा आसरा, ते याच तलावांच्या कडेने आणि भाताच्या बांध्यांमध्ये फिरतात, घरटी करतात. उंच पायांच्या पक्ष्याला काठावरच्या दोरीचा फास किती सहज बसतो, ते वेगळं सांगायला नको. मी घरून निघताना एक रिकामी बाटली नेतो आणि दोरीचे तुकडे त्यात कोंबतो. दुसऱ्यांचेही सापडतात, दुर्दैवाने.

जायचं कसं? पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट गोंदियापर्यंत जाते, मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस. भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, भंडारा शहर तिथून थोडं दूर, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला माहीत नसतं. साकोलीकडे जायचं तर नागपूरला उतरून हायवेने गेलेलं सोपं. राहायचं तालुक्याच्या गावी. पाळीवर तंबू टाकायचा विचार असेल तर सोडून द्या. जंगल लागून आहे, अस्वल, बिबट्या, कुठे कुठे वाघही संध्याकाळी पाण्यावर येतो. मामाचा नियम: सूर्य बुडायच्या आत घरी. मला तो आधी जुनाट वाटायचा. एकदा पाळीवरच्या ओल्या मातीत सकाळी पंजे बघितले, तेव्हापासून नाही वाटत.

आणि ही गोष्ट कृपया नीट वाचा. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. इकडे तलावातून मोटारीने पाणी उचलतात, त्यासाठी तारा पाळीवरून, कधी हात वर केला तर पोहोचेल अशा लोंबत्या जातात. मागे न बघता रॉड उभा करून कास्ट केली तर काय होईल ते सांगायला माणूस उरत नाही. मी आता जागेवर पोहोचलो की आधी मान वर करून तारा बघतो, मग पाणी. मार्चपासून दुपारी ढग दाटले, गडगडलं की रॉड आडवा ठेवून पाळीवरून खाली उतरायचं. उघड्या पाळीवर सात फुटांची काळी काठी धरून तुम्हीच सगळ्यात उंच असता. बाकी पोहता येत असलं तरी तलावात उतरू नका, गाळ मांडीपर्यंत धरतो आणि सोडत नाही.

मागच्या नोव्हेंबरमध्ये आम्ही पुन्हा त्याच तलावावर गेलो. यावेळी फोन करून, माणशी २०० रुपये भरून, पावती घेऊन. अट अशी की मासे नेले तर पाळीवरच वजन करून संस्थेच्या भावाने पैसे द्यायचे. बेशरमीचा तो पट्टा निम्म्याने कमी झालेला दिसला. उन्हाळ्यात संस्थेच्या बायकांनी मुळासकट उपटून काढली होती आणि त्या जागी देशी पाणवनस्पती लावल्या होत्या. असं काम या भागात काही वर्षांपासून चाललंय. भंडाऱ्याचे मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतचे ढिवर मच्छीमार यात पुढे राहिलेत. त्यांचं सांगणं साधं आहे: वरून विकतचं बीज ओतत बसण्याआधी तळातली झाडं परत आणा, देशी मासा आपोआप येतो. माझ्या उपग्रहाच्या चित्रात हा सगळा बदल दिसला का, तर हो, दिसला. हिरव्याच्या जागी हिरवं. आजोबांना विचारलं नसतं तर मला काही कळलं नसतं.

आजोबा पाळीवर होतेच. मला ओळखलं. "आला का बाबू," म्हणाले, आणि कुठे बसायचं ती जागा दाखवली, वारा ज्या काठाकडे वाहत होता तो काठ. खाणं वाऱ्याने त्या बाजूला ढकललं जातं, मासा त्यामागे येतो. माझ्या स्प्रेडशीटमध्ये वाऱ्याचाही कॉलम नव्हता. दोन दिवसांत दोन रोहू, एक मृगळ आणि चार-पाच शिंग्या. मरळ एकच लागली, मध्यम. सोडली. मित्र म्हणाला, नोव्हेंबर आहे, पिल्लं नाहीत, नेऊ की. बरोबर होतं त्याचं, नेली असती तरी चाललं असतं. पण आजोबा बघत होते, आणि माझी हिंमत झाली नाही. रोहू वजन करून घेतले, मामीकडे दिले.

तलावाचं नाव मी लिहिलेलं नाही आणि मेसेज करूनही मिळणार नाही. फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा, ही माझी तुम्हालाही विनंती. एका रीलनंतर पाच गाड्या आल्या तर रात्रभर राखण करणारा माणूस तोच एक सत्तरीचा म्हातारा असतो. स्वतःचा तलाव शोधायचा असेल तर पद्धत सगळी वर दिली आहे. शीट बनवा, फक्त पहिला कॉलम 'कोणाचा' हा ठेवा.

पुढच्या एपिसोडला मामी येणार आहे, रोहूची झाडीपट्टीची भाजी सांगायला. ती माइकसमोर बोलेल की नाही याची खात्री नाही, पण हो म्हणाली आहे. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, तीस सेकंदांच्या आत.